नांदतं पाणी

आमच्या घरी मासे पाळले होते असं सांगितलं की गावाकडची माणसं अजून हसतात. आम्ही कणकवलीच्या बाजूचे. मासा दिसला की आमच्याकडे आधी ओल्या खोबऱ्याचं वाटप वाटायला घेतात. बोरीवलीच्या नव्या घरामागच्या हौदात बाबांनी पहिल्यांदा लाल मासे सोडले, तेव्हा आईने विचारलं होतं, "ह्येंचा काय करूचा? तिखला की सार?" ते ऐकून ताई हसली. कितीतरी दिवसांनी हसली, म्हणून बाबांनी आईचा टोमणा मनावर घेतला नाही.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तो हौद तिच्यासाठीच होता. घाटकोपरच्या सासरहून ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि मूल झालं ते रडलंच नाही. मुलगी होती. डॉक्टरीणबाईंनी आई-बाबांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं की हिच्या अंगात रक्त नाही, दोन वर्षं तरी पुन्हा दिवस जाता कामा नयेत, जमलं तर तुमच्याकडेच ठेवून घ्या. सासरी गेली की काय होणार हे डॉक्टरीणबाईंना कळत होतं, आम्हालाही कळत होतं. भावोजी स्वभावाने गरीब होते, म्हणजे आईसमोर तोंड न उघडणारे. आणि त्यांच्या आईला वर्षाच्या आत नातू हवा होता. ताईला जायचं नव्हतं. तसं ती कोणाला म्हणाली नाही, पण तिची बॅग आमच्या पलंगाखाली गेली ती पुन्हा बाहेर आली नाही.

ती नुसती बसून राहायची. मागच्या दाराच्या उंबऱ्यावर, भिंतीकडे बघत. बाबांना ते बघवत नव्हतं. बायकांच्या दुःखाशी कसं बोलायचं हे आमच्याकडच्या पुरुषांना कोणी शिकवत नाही. ते काहीतरी आणून ठेवतात. बाबांनी मासे आणले.

लालबागची खोली विकून आम्ही बोरीवलीला तळमजल्यावर आलो होतो. मागे जेमतेम धुणं वाळत घालण्याएवढी मोकळी जागा, आणि तिथे बिल्डिंग बांधताना पाणी साठवायला केलेला एक बुटका हौद तसाच सोडून दिलेला. बाबांनी एका रविवारी त्याला आतून सिमेंटचा गिलावा केला, चार दिवसांनी नळाचं पाणी भरलं आणि पिशवीतले मासे सोडले. सकाळी सगळे उताणे. पाण्यात हात घातला तर साबण कालवल्यासारखं बुळबुळीत लागलं.

"नवीन माठातला पाणी कोण लगेच पिता?" आई म्हणाली. "चार वेळा भरून ओतून नाय टाकणत?"

हे बाबांना पटलं. हौद बरेच दिवस भरून ठेवला, ओतला, पुन्हा भरला. मग पुन्हा मासे आले आणि या खेपेला जगले. आम्हाला वाटलं, झालं. पण खरी गंमत पुढेच होती. हौदावर दुपारभर ऊन यायचं. आठ-पंधरा दिवसांत पाणी हिरवं झालं आणि बाबांचं डोकं फिरलं.

बाबा गिरणीत ब्लीचिंग खात्यात होते. कापडाचा कोरा पिवळटपणा काढून ते पांढरंशुभ्र करायचं, यात त्यांची उमर गेली होती. संपानंतर गिरणी गेली आणि ते चारकोपच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायला लागले, तरी नजर ब्लीचिंगवाल्याचीच राहिली. आमच्या युनिफॉर्मवर डाग दिसला तर त्यांना जेवण जायचं नाही. त्यात गावची सवय. आमच्या वाडीत दर वैशाखात विहिरीचा उपसा निघायचा. सगळी वाडी जमायची, विहीर कोरडी होईपर्यंत पाणी उपसायचं, तळातला गाळ घमेल्यांनी वर काढायचा, कडेची शेवाळ घासायची आणि नवे झरे फुटले की वरून पांढरी पावडर टाकायची. बाबा तरुणपणी उपशाला सगळ्यांत आधी आत उतरत. ते सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. पाणी म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर ती विहीर. "पाणी म्हटला की तळ दिसाक व्हयो," हे त्यांचं वाक्य.

तेव्हा हिरव्या हौदाला त्यांनी एकच उपाय केला. उपसा काढला. गावची विहीर वर्षातून एकदा उपसायचे, आमच्याकडे दर पंधरवड्याला वैशाख. मासे बादलीत, हौद रिकामा, काथ्याने घासूनपुसून लख्ख, वर चिमूटभर पावडर, मग नळाचं ताजं पाणी. त्या वेळी नळाला असा औषधाचा वास यायचा की चहालासुद्धा लागायचा. तळ छान दिसायचा. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या स्वच्छ तळावर मासे दिसायचे. बाबा हळहळायचे, पुन्हा नवे आणायचे.

"ह्यो मासोच नाजूक," ते म्हणायचे. "टिकणा नाय."

वरच्या मजल्यावरच्या गुजराती भाभी गॅलरीतून हा कारभार बघायच्या. त्या जैन, त्यांच्या घरी कांदासुद्धा चढायचा नाही. आमच्या बांगड्यांचा वास त्यांनी कसा सोसला त्यांनाच ठाऊक, पण हे मात्र त्यांना सोसेना. "भाई, तुम्ही खाता ते मी काय बोलत नाय," त्या वरून ओरडल्या. "पण हे तर पाळून मारता! ज्यादा पाप लागेल हां!" आम्ही सगळे हसलो. बाबाही हसले. ताई हसली नाही.

दोन-चार दिवसांनी ती संध्याकाळी दही विरजत होती. कोमट दुधात कालच्या दह्याचा चमचा फिरवताना मध्येच थांबली आणि मला म्हणाली, "आपण भांडं घासतो, पण जुनं दही थोडं ठेवतोच ना गं?"

"मग? त्याशिवाय लागणार कसं?"

"तेच," ती म्हणाली.

त्या दिवसापासून हौद तिने आपल्या हातात घेतला. मूल गेल्यापासून पहिल्यांदाच तिने काहीतरी हातात घेतलं होतं, म्हणून बाबांनी अडवलं नाही. तिने सांगितलं, उपसा नाही. वरचं दोन बादल्या पाणी काढायचं आणि तेवढंच घालायचं, तेही आदल्या दिवशी बादलीत भरून उघड्यावर ठेवलेलं, म्हणजे नळाचा वास उडून जातो. बाकीचं जुनं पाणी जागचं हलवायचं नाही. अर्ध्या हौदावर तिने आईची फाटकी चटई बांधून सावली केली. मग मला घेऊन नॅशनल पार्कच्या कडेच्या ओढ्यावर गेली. अजून तिला चालताना धाप लागायची, दर थोड्या वेळाने एखाद्या दगडावर बसायची. आम्ही डालड्याच्या डब्यात पाणवेली आणल्या, शेवाळलेले दोन दगड आणि एक-दोन गोगलगायी आणल्या. आईने ताईकडे बघून कपाळावर हात मारला. "लोक घाण भायर टाकतत, ह्या चेडू घेवन येता."

तेवढ्यात डास मारणारा महापालिकेचा माणूस तेलाचा डबा घेऊन आला आणि साठलेलं पाणी बघून ओतायलाच लागला. ताई आडवी उभी राहिली. तिच्या तोंडून इतकी वाक्यं एका दमात मी कित्येक महिन्यांत ऐकली नव्हती. तो माणूस भला होता. पुढच्या फेरीला बाटलीतून गप्पी मासे घेऊन आला, हे डासांची पिल्लं खातात म्हणाला, मग तेलाची गरज नाही. मी ताईला चिडवलं, "गप्प बाईकडे गप्पी मासे!" तिने माझ्या पाठीत धपाटा घातला. किती बरं वाटलं मला तो धपाटा खाऊन.

गप्पी म्हणजे अगदीच बोटाच्या पेराएवढे, मातकट. बाबांच्या लाल माशांपुढे भिकारी दिसायचे. पण ते मेले नाहीत. पाणी आणखी हिरवं झालं, आई नाक मुरडत राहिली, बाबा रोज कामावरून आले की हौदापाशी उभे राहून हात चोळत. ताई म्हणायची, "बाबा, थांबा ना थोडं." मग कधीतरी, नक्की कधी ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही, हिरवा गढूळपणा बसला. कडांना मऊ शेवाळ धरली, वेली पसरल्या, पाण्याला मातीचा बरा वास यायला लागला. तळ दिसत नव्हता, पण मासे दिसत होते.

एका दुपारी तिने मला हाक मारली. गप्पीला पिल्लं झाली होती. अंडी नाहीत, जिवंत पिल्लं. दोन डोळे आणि मागे एक रेघ, एवढीच. मी ताईच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. ती म्हणाली, "ह्यांची आई ह्यांनाच खाते गं. लपायला जागा लागते." आणि वाकून वेलीची दाट बाजू पिल्लांच्या अंगावर सरकवत राहिली. काही पिल्लं आणि वेलीचा तुकडा तिने हौदातल्याच पाण्यासकट काचेच्या बरणीत घातला आणि वर भाभींना नेऊन दिला. "पाप धुवायला," असं म्हणाली. भाभींनी बरणी खिडकीत ठेवली आणि कामवालीला तिला हात लावायची बंदी केली.

घाटकोपरहून निरोप यायला लागले होते ते याच सुमारास. आधी नुसती चौकशी, मग आत्याला मध्ये घातलं. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, तिनेच हे स्थळ आणलेलं. येऊन चहाबरोबर बशीभर चकल्या संपवून म्हणाली, "बाईच्या जातीने कुठेपण नांदायला शिकायला पाहिजे. मी नाय नांदले?" आत्या नांदली होती हे खरंच. कशी, ते तिच्या पाठीवर चुलीतल्या लाकडाचा डाग होता तो सांगायचा. मला संताप आला आणि मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने माझ्याकडे असं बघितलं की मी कप उचलून आत गेले.

आत्या गेल्यावर मी मागे आले तर ताई हौदाच्या कठड्यावर बसली होती. मी आत्याला काय काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ताईने ऐकून घेतलं. मग पाण्यात बोट घालून म्हणाली, "बाबा म्हणायचे, मासाच नाजूक, टिकत नाही. मासा काय करणार गं? नांदायचं असतं ते पाण्याने. पाणी नांदलं की मासा आपसूक राहतो."

आपल्याकडे 'नांदायला शिक' म्हणतात ते फक्त सुनेला. सासूला नाही, नवऱ्याला नाही, घराला तर नाहीच. ताईने तो शब्द उलटा करून पाण्याला लावला आणि मला तो तेव्हापासून कधी सुलटा ऐकूच येत नाही.

शेवटी सासूबाई स्वतः येणार असं कळलं, भावोजींना घेऊन, रविवारी. ताईने बाबांना पहिल्यांदाच सरळ शब्दांत सांगितलं, "बाबा, मला इतक्यात पाठवू नका." बाबा म्हणाले, "मी सांगतंय त्यांका. डॉक्टरनीचा नाव सांगून सांगतंय. तू घाबरू नको." आणि ते खरोखरच सांगणार होते. हे मी आजही म्हणते. माझा त्यांच्यावर कितीही राग असला तरी त्या दिवशी सकाळी त्यांच्या मनात तेच होतं.

पण मुलीच्या बापाला नाही म्हणायचं तर बाकी कशातही बोट ठेवायला जागा राहता कामा नये, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी पहाटेपासून घर घासायला घेतलं. पंख्याची पाती पुसली, पडदे बदलले, मागची फरशी घासली. मी आणि ताई बाजारात गेलो होतो, आई स्वयंपाकात. आणि बाबांची नजर हौदाकडे गेली. पाहुणे मागे हात धुवायला येणार, आणि हे असं शेवाळलेलं डबकं बघणार.

आम्ही नारळ-कोथिंबीर घेऊन परत आलो तेव्हा मागच्या अंगणात ब्लीचिंग पावडरीचा वास भरला होता. बाबा लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून, घामाघूम, काथ्या धुवत उभे होते. हौद नव्यासारखा लख्ख. वेली, शेवाळलेले दगड, सगळं कचऱ्याच्या पिंपात. गप्पी त्यांनी अगदी जपून, एकेक करून, ओंजळीने बादलीत घेतले होते आणि नवं पाणी भरल्यावर तसेच जपून परत सोडले होते. त्यांचा चेहरा खुलला होता. "बघ गो," ते ताईला म्हणाले, "कसो तळ दिसता!"

मासे तोंडं वर काढून हवा गिळत होते.

ताईने पिशवी खाली ठेवली. "जुनं पाणी थोडं तरी ठेवलंत का, बाबा?"

"कित्याक? सगळी घाण होती."

तिने कचऱ्याच्या पिंपात डोकावून पाहिलं. धावाधाव करायलाही आता काही उरलं नव्हतं. पाहुणे आले, बसले, पाणी झालं, जेवणं झाली. सासूबाई हात धुवायला मागे आल्या, हौदात डोकावल्या आणि म्हणाल्या, "वा, स्वच्छ आहे हो. तळ दिसतोय." त्यांच्या शेजारी उभी राहून ताई चहाच्या गाळणीने मेलेले मासे एकेक उचलत होती आणि बशीत ठेवत होती. बाबा दारात उभे राहून ते बघत होते. त्यांना तेव्हाच कळलं होतं. मी त्यांचं तोंड पाहिलंय.

मग सासूबाई बाहेरच्या खोलीत बसून बोलल्या. डॉक्टर आमच्याकडेही आहेत, मूल गेलं म्हणजे काय जग बुडालं का, शेजारीपाजारी विचारतात, आता पाठवा हिला नांदायला. भावोजी गालिच्याकडे बघत होते. सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. मी तर डोळ्यांत प्राण आणून बघत होते. बाबांनी दोनदा घसा साफ केला. ज्याच्या हातून सकाळीच पोरीचे एवढेसे मासेही सांभाळले गेले नाहीत, त्याला 'ती माझ्याकडेच सुखरूप राहील' असं म्हणायला तोंड राहिलं नव्हतं, असं मला आता वाटतं. तेव्हा मला फक्त एवढंच कळलं की ते म्हणाले, "तुमी म्हणतास तसा."

ताईने पलंगाखालची बॅग स्वतःच ओढली. मी रडत होते, भांडत होते, नको जाऊस म्हणत होते. तिने साड्या घडी केल्या. म्हणाली, "बाबांना बोलू नकोस हं काही. त्यांनी चांगल्यासाठीच केलं."

वर्षाच्या आत तिला दिवस गेले. दुसरं बाळंतपण माहेरी नसतं, ते सासरी. आम्हाला निरोप आला तो सगळं संपल्यावरच आला. रक्त थांबलं नाही, एवढंच कळलं. मूल राहिलं, मुलगा. आता तो मोठा आहे, चांगला आहे, त्याची आई कशी होती असं मला विचारतो आणि मी त्याला विरजणाची गोष्ट सांगते. बाकीचं सांगत नाही.

दिवसकार्य झाल्यानंतरची एक दुपार. दार वाजलं. भाभी उभ्या होत्या, पदराखाली ती काचेची बरणी. आत हिरवट पाणी, वेल वाढून तोंडापर्यंत आलेली आणि गप्पी, बरेच. "तिचं आहे," एवढंच म्हणाल्या आणि बरणी बाबांच्या हातात दिली.

हौदात ताई गेल्यापासून पावसाचं, नळाचं, जमेल ते पाणी पडून होतं. बाबा बरणी घेऊन मागे गेले. मला वाटलं, नुसते मासे काढून सोडतील. त्यांनी बरणी तिरकी धरली आणि वेल, गाळ, मासे, हिरवं पाणी, सगळंच्या सगळं हळूहळू हौदात ओतलं. मग बरणी विसळून तेही पाणी ओतलं.

त्यानंतर त्यांनी हौदात हात म्हणून घातला नाही. पाणी हिरवं झालं, गढूळ झालं, बसलं. गप्पी वाढले. ताईच्या वर्षश्राद्धाला आत्या येणार, चार माणसं येणार, म्हणून आईने हौद घासायला एका गड्याला बोलावलं. तो बादली घेऊन मागे गेला आणि बाबा खुर्चीतून उठून त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. कठड्याला पाठ लावून, दोन्ही हात पसरून, कोणी धक्का मारायला आल्यासारखे.

"हात लावू नको," ते म्हणाले. "ता पाणी नांदता हा. ऱ्हवांदे."

ताईने हा शब्द त्यांना कधी सांगितला होता, की त्यांनी दाराआडून ऐकला होता, मी कधी विचारलं नाही. आई तोंडात पदर कोंबून आत गेली. मी तिथेच उभी राहिले आणि माझ्या मनात एकच होतं की बाबा, एवढंच म्हणायचं होतं हो. त्या रविवारी, बाहेरच्या खोलीत, हात असे पसरून. राहू दे तिला, नांदतेय ती इथे.